भागूआत्याचं कार्ड

धामणखिंड, ता. कर्जत
रविवार, १८ जानेवारी १९८७

चि. सौ. मैना हिला बाबांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. जयाला पापा लिहिणार होतो, पण ती आता तेरा वर्षांची घोडी झाली, लाजेल. तेव्हा तिलाही आशीर्वादच.

'इकडे सर्व क्षेम' हे वाक्य मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. तीस वर्षं पोस्टमनकी केली, लोकांच्या ओट्यावर बसून ते वाक्य हजारदा वाचून दाखवलं. ज्या घरात जास्त गोंधळ, त्या घरच्या पत्रात ते आधी. म्हणून खरं ते कळवतो. गुडघा दुखतो. म्हैस व्यायली, रेडा झाला. आईनं लावलेला शेवगा वाऱ्यानं मोडला होता, त्याला बुंध्यातून पुन्हा फूट आली आहे. एकट्याचा भात कधी कच्चा, कधी करपलेला, पण चाललंय.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. सात-आठ महिन्यांनी लिहितेस, आणि लिहितेस तेही मामलेदाराला अर्ज केल्यासारखं. असो, लिहिलंस, बरं वाटलं. जयाच्या शाळेची सहल त्या नव्या 'रानझरा' उद्यानात दोन दिवस मुक्कामाला जाणार, तिथं दोरावरचे खेळ, होड्या, मचाणं, आणि पालकांची सही येत्या शनिवारपर्यंत हवी. पोरीनं हट्ट धरलाय, जेवत नाही म्हणतेस. आणि पुढं लिहिलंस, "तुम्ही जवळ आहात. एकदा जागा बघून या. तुम्ही नको म्हणालात तर मी सही करणार नाही. जयाला सांगायला बरं पडेल, आजोबाच नको म्हणाले." वा गं शहाणे! म्हणजे वाईटपणा घ्यायला म्हातारा!

पण काम सांगितलंस, मी केलं. शुक्रवारी सकाळी भाकरी बांधून निघालो, पळसदरीहून खोपोलीची गाडी धरली, पुढे टेंपोत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून फाट्यावर उतरलो. फाट्यापासून अर्धा कोस चाल. मोठी कमान, त्यावर हिरव्या अक्षरात नाव. दारावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, तुमची सहल कुठाय?" मी म्हटलं, "मीच सहल." तो हसायला लागला. आतून साहेब आले. त्यांना सगळं समजावून सांगितलं की माझी नात येणार आहे, आधी मी तपासणार. माणूस भला. म्हणाले, "नुसतं बघून काय कळणार? करूनच बघा." ठाण्याच्या कुठल्याशा कचेरीतली माणसं बायकापोरांसकट आली होती, त्यांच्यात मला घुसवून दिलं.

मैना, बासष्टाव्या वर्षी तुझ्या बापानं काय काय केलं म्हणून सांगू! आधी होडी. तळ्यात पायानं मारायची होडी आहे, सायकलसारखी. माझ्या शेजारी एक जाडे गृहस्थ बसले, त्यांचे पाय पोचेनात, मग सगळी होडी मीच ओढली. इतकी वर्षं सायकल मारली, पण कुठं पोचायचं नसताना मारली ती ही पहिलीच. गुडघा तेवढा वेळ गप्प होता. मग मचाण. जांभळीच्या झाडावर खोली बांधली आहे, दोराच्या शिडीनं चढायचं. ठाण्याच्या बायका निम्म्यातून किंचाळत उतरल्या. मी चढलो. वरून पार माथेरानपर्यंत डोंगर दिसतात. मग दोरांचा पूल. आपल्या ओढ्यावरच्या साकवावरून पावसाळ्यात डोक्यावर थैली घेऊन मी जन्मभर गेलो, तेव्हा मला वाटलं यात काय मोठं. पण साकव जागचा हलत नाही. हा बेटा एक पाऊल टाकलं की उलटं आपल्याकडे येतो! चार पावलं गेलो आणि माझ्या तोंडून आई गं निघालं. पलीकडे पोचलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

शेवटी एक प्रकार आहे, तारेवरून घसरत घळ ओलांडायची. कमरेला पट्टा बांधतात, पट्ट्याला कप्पी, कप्पी तारेवर. ओट्याच्या कडेला उभं राहायचं आणि पाय उचलायचे. बस्स. तोही केला. तिथं हिरू नावाची बाई होती, दोर तीच बांधते. तिच्याशी थोडं बोलणं झालं. ते असू दे.

जागा बरी आहे. दोर जाड आहेत. पाणी गाळून देतात. पोरींची झोपायची सोय वेगळी, तिथं बाई माणूस असतं. पाठवायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. मी काय सांगणार?

तुझ्या पत्रातलं खालचं वाक्य वाचलं. त्याबद्दल पुन्हा कधी लिहीन. आणि भागूआत्याची गोष्ट तू जयाला सांगितलीस, ती पोट धरधरून हसली, असं लिहिलं आहेस. मेलेली बाई लग्नात जेवायला आली, ही गोष्ट आपल्या घरात फार वेळा सांगून झाली. आता पुरे कर.

तब्येतीस जपावे. जावईबापूंच्या रात्रपाळीनंतर त्यांना झोपू देत जा.

बाबा

*

धामणखिंड
मंगळवार, २० जानेवारी १९८७

मैना,

सोबतचं पत्र रविवारी लिहिलं, काल सकाळी टाकायला गेलो. पेटीपाशी उभा राहिलो आणि हात आत जाईना. शाळेला निघालेल्या पोरी बघत होत्या, त्यांना वाटलं म्हातारं वेडं झालं. पत्र खिशात घालून परत आलो. तुझं टपाल मी अडवायची ही दुसरी खेप. पहिली कुठली, ते सांगायला आज बसलो आहे.

एसटीत बसून रसायनीला येता आलं असतं. तू चहा ठेवला असतास, मी बशीत ओतून प्यालो असतो, आणि म्हशीबद्दल बोलून परत आलो असतो. सतरा वर्षं असंच झालं. तोंडानं मला जमत नाही. कागदावर जमतं का बघतो.

हिरूपासून सांगतो, कारण तिनंच सगळं उकरून काढलं, तिला पत्ताही नसेल. ती वरच्या वाडीवरची. असेल पंचवीस-सव्वीसची. अंगात खाकी शर्ट, त्याखाली नऊवारी घोट्यावर खोचलेली, पायात बूट. गळ्यातलं दोरात अडकू नये म्हणून शर्टाच्या आत टाकून वरचं बटण लावलेलं. दोन लेकरं आहेत, नवरा तिथंच बागेत काम करतो. मोठमोठ्या साहेबांना ती दटावत होती, "पाय उचल दादा, भिंतीला काय चिकटलास!" आणि नवरा खाली पाइप धरून झाडांना पाणी घालत होता, मधूनच वर बघून हसत होता. मी ते बघतच राहिलो.

माझी पाळी आली. कडेला उभा राहिलो. खाली घळ, तळाशी दगड. मी म्हटलं, "बाय, दोर तुटला तर?"

"नाय तुटायचा. रोज सकाळी पैली मीच लटकून बगते. तुटला तर मी जाईन, तुमी कशाला?"

"कुणी शिकवलं तुला हे?"

"शिबिराला गेल्ते. महिनाभर. आमचा बा नायच म्हनत हुता. मी आठ दीस रुसून बसले. मंग म्हनला, जा, पर रोज येक कार्ड टाकायचं."

मी विचारलं, "बा वाचतो का?"

ती हसली. म्हणाली, "त्याला कुठं येतंय वाचाया! कार्ड आलं म्हंजी पोर जित्ती हाय, येवढं पुरं त्याला. तीस कार्डं हायत, अजून दोरीत ओवून ठेवलीत म्हाताऱ्यानं. आता खाली नका बगू बाबा. माज्याकडं बगा. उचला पाय."

मी पाय उचलले. घळीवरून जाताना मी ओरडलो म्हणे. ठाण्याच्या लोकांना वाटलं, मजेनं ओरडला. पलीकडे उतरलो आणि खाली मातीत बसून रडलो. कुणीतरी पाणी दिलं. त्यांना मी सांगितलं, डोळ्यात वारं गेलं.

आता ते वाक्य. तुझ्या पत्रातलं अगदी शेवटचं. "मलाही एकदा हे वेड होतं. चाचणी दिली, निवड झाली नाही. आपल्या घरात ते नाहीच, बाबा. जयाला आत्ताच कळलेलं बरं, म्हणजे माझ्यासारखी वाट बघत बसणार नाही."

मैना, तुझी निवड झाली होती.

पुन्हा वाच. खोडून लिहिलेलं नाही. तुझी निवड झाली होती. कार्ड आलं होतं आणि ते मी फाडलं.

सत्तर साल, एप्रिल संपत आला होता. तुझी मॅट्रिकची परीक्षा होऊन गेली होती. तुमच्या ड्रिलच्या बाईंनी कोंडाण्याच्या लेण्यांपाशी चाळीस पोरींची चाचणी करवली होती, मुंबईहून शिबिराची माणसं आली होती, आणि तू अनवाणी चढून सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसलीस, हे मला गुराख्यांनी सांगितलं होतं. तू कुठं सांगितलंस! तू फक्त कार्डाची वाट बघत होतीस. त्या दिवशी पोस्टात थैली सोडून गावागावाचे गठ्ठे लावत होतो, आणि तुझं नाव हातात आलं. छापील कार्ड, रिकाम्या जागा शाईनं भरलेल्या. उभ्या उभ्या वाचलं. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हा माझा नेम, पण म्हटलं, पोरीचं आहे, वाचू दे.

टपाल वाटायला बीटवर निघालो तेव्हा ते वरच्या खिशात होतं. भर उन्हात सायकल ढकलत चाललो होतो. गावाबाहेरच्या करंजाच्या झाडाखाली थांबलो आणि कार्डाचा कोपरा फाडला.

तू माझ्याबरोबर सुट्टीत बीटवर यायचीस, तुला सगळं माहीत होतं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी. ते मी कधी जेवणवेळी कुणाच्या दारी नेलं नाही. पोराबाळांच्या हातात दिलं नाही. घरात पाय ठेवायचा नाही, अंगणात उभं राहायचं, कर्त्या माणसाला हाक मारायची, पाणी मागायचं. वाचून झालं की ते घरात ठेवत नाहीत, तिथंच फाडून टाकायचं. मी अंगणात तसा थांबलो की आतली बाई चुलीपुढून पदर सावरत धावत यायची. लोक माझं तोंड बघून ओळखायचे.

आणि त्या दिवशी मी आपल्या अंगणात तसाच येऊन उभा राहिलो. आत आलो नाही. तू मिरच्या वाळत घालत होतीस. मी म्हटलं, "पाणी आणा गं." तुझ्या हातातलं सूप खाली पडलं. आई बाहेर आली, म्हणाली, "कुणाचं वो?" मी कुणाचं नाव घ्यायचं ते ठरवलंच नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. "मुरबाडच्या भागूआत्याचं." माझ्या बापाची लांबची बहीण, दहा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. मला वाटलं, गेलीच असेल. तुमच्यासमोर कार्डाचे चार तुकडे केले आणि ओढ्यात सोडून आलो.

माझं काम बघून तुम्ही विश्वास ठेवलात. दुसऱ्या कुणाचं खोटं तुला पचलं नसतं, तू हुशार होतीस. पण बाबा अंगणात असे उभे राहिले म्हणजे कुणीतरी गेलं, हे तू पाच वर्षांची असल्यापासून बघत आली होतीस.

तू विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंस. भागूआत्यानं तुला लहानपणी चिंचेचे गोळे दिले होते, तेवढ्या ओळखीवर रडलीस. आणि ओल्या केसांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंस, "बाबा, माजं नाय आलं का काय?"

मी म्हटलं, "नाय गं."

मैना, स्वतःच्या निवडीची तू आंघोळ केलीस आणि मी ओट्यावर बसून ती बघितली.

पुढं बारा दिवस तू बांधावर येऊन उभी राहायचीस. लांबूनच विचारायचीस, "हाय का?" मी मान हलवायचो. शिबिराचा दिवस दहा मे, तो तुला ठाऊक होता. अकरा तारखेला तू बांधावर आली नाहीस.

का केलं, हे मी स्वतःला असं सांगत आलो: अठरा वर्षं मरणाची कार्डं वाटली होती. पोरगी कड्यावर गेली तर एक दिवस तसलं कार्ड माझ्याच थैलीत येईल, आणि ते वाटायला मलाच यावं लागेल. हे खोटं नाही. भीती होती. तू सातव्या वर्षी लेण्यांच्या वरच्या कपारीतून बकरीचं पिल्लू काढलं होतंस, तेव्हापासून होती.

पण कोपरा फाडताना माझ्या डोक्यात ते नव्हतं. खरं लिहायचं म्हणून बसलोय तर तेही लिहितो. आदल्या रविवारी पाहुणे तुला बघून गेले होते. मुलगा रसायनीला कारखान्यात कायम, राहायला क्वार्टर. असं स्थळ आपल्या आळीत कुणाला आलं नव्हतं. जाताना तुझे सासरे पायात वहाणा घालता घालता म्हणाले, "पोरगी डोंगर चढते म्हणं?" मी घाईघाईनं हसलो. म्हटलं, "छ्या वो, शाळेचं खूळ ते." बस्स, एवढंच. त्या एका प्रश्नापायी मी तुझं कार्ड फाडलं. त्यांनी बरं-वाईट काही म्हटलं नव्हतं. कोण जाणे, कौतुकानंही विचारलं असेल. मी पुन्हा विचारलंच नाही. ते वारले तेव्हाही हे सगळं तुला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. जावईबापूंना यातलं काही ठाऊक नाही, त्यांच्यावर राग धरू नकोस.

तुमच्या ड्रिलच्या बाई दहा मेनंतर माझ्याकडे चौकशीला आल्या होत्या, तू मामाकडे गेली होतीस तेव्हा. मी त्यांना सांगितलं, "लग्न ठरलंय, मैनाच नको म्हणाली." त्यांचं तोंड उतरलं. लग्नाला आल्या नाहीत. निवड झाली नाही म्हणून बाई नाराज, असं तुला वाटत राहिलं. त्यांना वाटलं, तू त्यांचे कष्ट वाया घालवलेस. दोघींच्या मध्ये मी उभा होतो.

आणि लग्नात भागूआत्या आली! गाडीवानाला शिव्या देत, तांब्याची कळशी काखेत धरून, टुणटुणीत. चांगोकाकाच्या हातातली पत्रावळ पडली. बायका ओरडल्या. आणि मी, सगळ्यांदेखत, म्हटलं, "कार्ड दुसऱ्या भागूबाईचं असंल, पत्ता चुकला वाटतं." काय हसले लोक! पोस्टमनच्याच घरी पत्ता चुकला! तू मुंडावळ्यांखाली हसून हसून डोळे पुसत होतीस. मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, ती पुढं अकरा वर्षं जगली, आणि प्रत्येक लग्नाकार्यात ती गोष्ट स्वतःच रंगवून सांगायची. तुझी आई मात्र एकदाही हसली नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि ती गेली. आता तू ती गोष्ट जयाला सांगतेस. मी का हसत नाही ते तुला आज कळलं.

तू त्यानंतर कधी कोंडाण्याला गेली नाहीस. माहेरी आलीस तरी त्या बाजूला बघत नाहीस. मला वाटायचं, संसारात रमली, विसरली. तुझ्या पत्रावरून कळलं की तू विसरली नव्हतीस. "आपल्या घरात ते नाही" असं तू सतरा वर्षं समजत आलीस, आणि आता तेच पोरीला शिकवणार आहेस. ते मी होऊ देणार नाही. म्हणून लिहितो आहे. नाहीतर माझी हिंमत झाली नसती, हेही खरं.

ते कार्ड मला तोंडपाठ आहे. बीटवर चालताना किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. आज पोचतं करतो.

"कु. मैना श्रीपत हिस. कोंडाणे येथील चाचणीतून मुलींच्या गिर्यारोहण शिबिरासाठी आपली निवड झाली आहे. निवडलेल्या सहा मुलींत आपला क्रमांक पहिला आहे. दि. १० मे रोजी सकाळी आठ वाजता कर्जत स्टेशनवर हजर राहावे. सोबत पांघरूण, पाण्यासाठी भांडे व मजबूत बूट आणावेत."

आणि खाली, छापलेलं नव्हे, कुणीतरी हातानं लिहिलं होतं: "बूट नसल्यास काळजी करू नये. आम्ही व्यवस्था करू."

मैना, त्यांनी तुझे अनवाणी पाय बघितले होते. परकी माणसं. आणि मी बाप असून एवढंही बोललो नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तरी ते वर्ष परत येणार नाही. तू रागावशील, रागाव. यंदा माहेरी येऊ नकोस वाटलं तर नको येऊस. पण शनिवारच्या आत सही कर. आजोबा नको म्हणाले, असं जयाला सांगू नकोस. आजोबा पाय उचलून पलीकडे जाऊन आले, असं सांग. कडेला हिरू असेल, तिच्याकडे बघायचं, खाली बघायचं नाही. पोरीला बूट आहेत ना? नसले तर कळव, मी घेऊन येतो.

पाकिटात एक कोरं कार्ड ठेवलं आहे. माझा पत्ता घातला आहे. उद्यानाच्या कमानीपाशी लाल पेटी आहे, मी बघून आलोय, रोज उघडतात. जयाला सांग, पोचली की टाक. काही लिहिलं नाही तरी चालेल. कार्डाचे चारी कोपरे नीट तपासून ठेवले आहेत.

आणखी एक कार्ड घालणार होतो, तुझ्यासाठी. मग हात आवरला. तुला लिहायचं तर तू तुझ्या कार्डावर लिही, तुला वाटेल तेव्हा.

हे पाकीट मी आज स्वतः कर्जत स्टेशनच्या पेटीत टाकणार आहे, आणि पेटी उघडून थैलीत पडेपर्यंत तिथंच बाकावर बसणार आहे. मधल्या कुणावर माझा भरवसा नाही, असं नव्हे. माझा माझ्यावर नाही.

तुझं कार्ड ज्यानं पोचवलं नाही, तो
तुझा बाप,
श्रीपत